आईचे गुडघे, चिपीची शिडी आणि मोपाचा एरोब्रिज

नोव्हेंबर 2024च्या पहिल्या पंधरवड्यात मी दिसेल त्याला एकच प्रश्न विचारत होते, "चिपीच्या विमानाला पायऱ्या किती?" आमच्या सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळावरून जाऊन आलेली माणसं पुष्कळ भेटली. तिकीट केवढ्याला पडलं, खिडकीतून कर्ली नदीचं मुख कसं दिसलं, सगळं हौसेने सांगत. पायऱ्या मात्र कुणी मोजल्या नव्हत्या. धडधाकट माणूस पायऱ्या मोजत नाही. आमच्या घरात गेली सहा वर्षं सगळेच मोजतात.

आई एकोणऐंशी वर्षांची. डावा गुडघा 2018 मध्ये बदलला, उजवा बदलायचा राहिला तो राहिलाच. घरात काठी घेऊन फिरते. खळ्यातून, म्हणजे अंगणातून, पडवीत यायला आमच्याकडे चार पायऱ्या आहेत, त्या कठडा धरून, मध्ये एकदा थांबून चढते. सपाटीवर शंभर-दीडशे पावलं चालली की बसायला काहीतरी लागतं. हे इतकं बारीक लिहितेय, कारण पुढे प्रत्येक ठिकाणी मला हेच आकडे विचारले गेले आणि पहिल्यांदा मी ते नीट सांगितले नाहीत.

निमित्त गोड होतं. ताई हैदराबादला असते, तिच्या लेकीला मुलगी झाली. म्हणजे आईला पणती. बारसं 8 डिसेंबरला. आईने जाहीर करून टाकलं, "पणतीक बघल्याबगर मी मरूचंय नाय." आता आली का पंचाईत! कुडाळहून रेल्वेने जायचं तर मडगावला नाहीतर मुंबईला गाडी बदलायची. रस्त्याने आंबोली घाट चढून जायचं तर बारा-चौदा तास गाडीत, आणि दोन तास एका जागी बसलं की आईचा उजवा गुडघा आखडतो. चिपीचा विमानतळ आमच्या नेरूरपासून अर्ध्या-पाऊण तासावर. तिथून तेव्हा हैदराबादला छोटं विमान जायचं. म्हणजे प्रश्न उरला तो पायऱ्यांचा.

11 नोव्हेंबरला मी तिकिटं काढली. जाताना 6 डिसेंबर, चिपीहून. दोघींचे मिळून 7,140 रुपये. येताना 22 डिसेंबर, पण चिपीला नाही, गोव्यातल्या मोपाला. त्यामागे माझं एक मोठं शहाणपण होतं. मोपा हा मोठा विमानतळ, हैदराबाद त्याहून मोठा, मधलं विमानही मोठं. म्हणजे दोन्हीकडे एरोब्रिज असणार, गेटमधून चालत थेट विमानात, एकही पायरी नाही. जाताना काय ते कष्ट होऊ देत, येताना सुखाने येऊ. ही तिकिटं 9,860ला पडली. त्या शहाणपणाचं पुढे काय झालं ते येईलच.

पहिली अडचण नावाची. आधार कार्डावर आईचं नाव 'इंदिराबाई', मी सवयीने 'इंदिरा' टाकलं. पैसे भरल्यावर लक्षात आलं. त्याच दिवशी फोन केला म्हणून फुकटात दुरुस्त झालं. आपल्याकडच्या आयांची नावं तीन कागदांवर तीन प्रकारची असतात, त्यामुळे तिकीट काढताना जे ओळखपत्र बरोबर नेणार तेच समोर ठेवून एकेक अक्षर टाका.

दुसरी अडचण अडचण म्हणून मला तेव्हा कळलीच नाही. तिकीट काढताना 'विशेष मदत' अशी जागा येते. व्हीलचेअर हवी म्हटलं की पुढे तीन पर्याय उघडतात, प्रत्येकाला चार अक्षरी नाव. डब्ल्यूसीएचआर, डब्ल्यूसीएचएस, डब्ल्यूसीएचसी. मी पहिल्यावर टिचकी मारली. पहिलं ते चांगलं, एवढाच विचार. खरं तर सगळा खेळ त्या शेवटच्या अक्षरात आहे. आर म्हणजे रॅम्प: या माणसाला लांब चालवत नाही, पण विमानाच्या पायऱ्या तो चढू-उतरू शकतो. एस म्हणजे स्टेप्स: याला पायऱ्या जमत नाहीत, दारापर्यंत न्यावं लागेल, आत सीटपर्यंत मात्र तो स्वतः चालेल. सी म्हणजे केबिन: याला सीटपर्यंत नेऊन बसवावं लागेल. तिन्हीला पैसे पडत नाहीत. मागणी प्रवासाच्या निदान 48 तास आधी नोंदवायची. मी आर नोंदवलं आणि निर्धास्त झाले.

मग तीन आठवडे तालीम. आईला व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी एक सूत्र सांगून ठेवलं होतं: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. आईने त्याचं घोकून पाठांतर केलं. रोज संध्याकाळी दिवाबत्तीच्या आधी खळ्यातून पडवीत दोन फेऱ्या. मी मागे उभी. "तू माझ्या मागसून फिरा नको गो, माका हसाक येता," असं ती म्हणायची, पण फेऱ्या चुकवल्या नाहीत.

सामानाचं वेगळंच रामायण. आईने लेकीसाठी काढून ठेवलं होतं: सोलं, कुळथाचं पीठ, कोकमाच्या आगळाची बाटली, चार नारळ आणि सुक्या खोबऱ्याच्या वाट्या. त्यातल्या वाट्या मी घरीच ठेवायला लावल्या. सुकं खोबरं तेलकट, आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून ते विमानात चालत नाही. नारळ आणि खोबरं यांच्यावरून काउंटरवर वाद घालत बसण्यापेक्षा मी नारळही काढून टाकले. हैदराबादला नारळ मिळतात हे आईला अजून पटलेलं नाही. आगळाची बाटली दोन पिशव्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत.

6 डिसेंबर. शेजारच्या मुलाची गाडी ठरवली, 900 रुपये. वाटेत वालावलला देवळासमोर हात जोडून झाले, मग चेंदवण, मग परुळ्याच्या बाजूने गाडी वर चढली आणि एकदम सडा लागला. जांभ्याचा उघडा माळ, डिसेंबरात पिवळं पडलेलं गवत आणि त्या सगळ्याच्या मध्ये विमानतळाची इमारत. 9 ऑक्टोबर 2021ला हा विमानतळ सुरू झाला तेव्हा गावोगावची माणसं नुसती विमान बघायला सड्यावर जमली होती. धावपट्टी अडीच किलोमीटरची. एवढ्या लांब पट्टीवर येतं ते मात्र सत्तर-बहात्तर माणसांचं पंख्याचं विमान, एटीआर 72.

आम्ही अडीच तास आधी पोचलो. एवढी घाई गरजेची नव्हती, पण आईबरोबर असताना घाई करावी लागू नये म्हणून आधी घाई करावी. छोट्या विमानतळाचं सुख तिथे कळलं. गाडीचं दार ते काउंटर, काउंटर ते तपासणी, तपासणी ते गेट, सगळं मिळून कुडाळच्या एसटी स्टँडवर इकडून तिकडे जावं इतकंच. खुर्ची दारातच आली. ढकलणारा मुलगा इथलाच, मालवणी बोलणारा. आईने पाच मिनिटांत त्याचं गाव, घर आणि मामाचं आडनाव काढून घेतलं.

काउंटरवर विचारलं, "आजी पायऱ्या चढतील ना?" मी हो म्हटलं. तपासणीच्या आधी दुसऱ्याने विचारलं. गेटजवळ तिसऱ्याने. तेव्हा मला थोडा राग आला, एकच प्रश्न किती वेळा? नंतर लक्षात आलं, ते माझ्या त्या आर अक्षराची खातरजमा करत होते.

तपासणीच्या दारातून जाताना आईचा गुडघा वाजला. धातूचा सांधा असला की वाजतोच. मी ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड झेरॉक्ससकट पर्समध्ये वरच ठेवलं होतं. तपासणीच्या बाईंनी ते पाहिलं, तरी पडद्याआड नेऊन हाताने तपासलंच. कार्ड दाखवल्याने तपासणी टळत नाही, फक्त प्रश्न कमी होतात. काठी यंत्रातून जाते आणि पलीकडे परत मिळते, तेवढा वेळ माणसाला आधार लागतो हे लक्षात ठेवा.

मग आमचं विमान उतरताना दिसलं. काचेतून आई बघत होती. उतरलेली माणसं हातात पिशव्या घेऊन चालत इमारतीकडे येत होती, अगदी एसटीतून उतरल्यासारखी. "ह्यां बरां आसा," आई म्हणाली. मला तोवर वाटत होतं की उघड्यावरून चालत विमानात चढायचं म्हणजे गरिबीची सोय. पैसे कमी, म्हणून एरोब्रिज नाही. तसं नसतं, हे नंतर कळलं.

व्हीलचेअरवाल्यांना सगळ्यात आधी नेतात. गेटचं दार उघडलं आणि आम्ही थेट उन्हात. सड्यावरचा वारा काय असतो ते तिथे राहणाऱ्यालाच माहीत, पदर पहिल्या झोतातच डोक्यावरून उडाला. हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते: उघड्यावरून चढायचं असेल तर साडीला दोन पिना जास्त लावा, निऱ्या घोट्याच्या वर ठेवा, आणि बोर्डिंग पास हातात न ठेवता पर्समध्ये ठेवा. एका काकांचा पास उडाला आणि पिवळं जाकीट घातलेला माणूस त्यामागे धावला. रॉकेलसारखा वास आणि विमानाच्या पलीकडच्या बाजूने येणारी घरघर. डावीकडचा पंखा स्तब्ध होता. इंजिन चालू असेल तर आम्हाला जवळ कसं नेतात, या विचाराने मी आईची खुर्ची धरून ठेवली.

जवळ गेल्यावर आईला दिसलं ते मला दिसलंच नव्हतं. शेपटीच्या खाली जमिनीपर्यंत एक दांडा लावलेला. "ह्येका टेको कित्याक दिल्यानी?" केळीच्या घडाला, मांडवाला टेकू देणाऱ्या बाईच्या नजरेतून तो सुटणार कसा! खुर्ची ढकलणारा मुलगा हसला, "आजी, मागसून सगळी चढतत, म्हणान." एवढंच म्हणाला, पण आईला ते लगेच पटलं.

या विमानाचं माणसांचं दार मागे, शेपटीजवळ. पुढच्या दारातून सामान जातं. मागचं दार खाली उघडतं आणि त्याच्याच आतल्या बाजूला पायऱ्या असतात, म्हणजे दार हीच शिडी. मी मोजल्या. पाच, आणि वर उंबरठा. खाली पहिली पायरी जरा उंच, आमच्या खळ्यातल्यापेक्षा चार बोटं जास्त. शिडी अरुंद, एका वेळी एकच माणूस. बाजूला उभं राहून हात धरायला जागाच नाही. आमची घरची तालीम इथे कामी आली, कारण तिथेही मी मागेच उभी राहायचे. पुढे हवाई सुंदरी हात देऊन, मध्ये आई, मागे मी. दोन्ही बाजूंना धरायला कठडा होता. डावा पाय वर, उजवा मागून. थांब. पुन्हा डावा. तिसऱ्या पायरीवर आई थांबली, मागे वळून सड्याकडे बघितलं आणि म्हणाली, "घराकडचो दिवो कोण लावतलो?" मी म्हटलं, आये, तू आधी आत चल.

सीट मी शेवटून दुसऱ्या रांगेतली घेतली होती, दोघींचे 400 रुपये जादा. तो खर्च वसूल झाला. दार मागे असल्यामुळे दारातून तीन पावलांत सीट. पंख्यांचा आवाज पुढच्या रांगांत जास्त येतो, मागे कमी, आणि स्वच्छतागृह मागेच. वरचे कप्पे लहान असतात, त्यामुळे चाकांच्या बॅगा शिडीपाशीच काढून घेऊन सामानात टाकत होते. औषधं त्या बॅगेत असतील तर आधी काढून घ्या.

विमान समुद्रावर गेलं, वळलं, खाली कर्ली चमकली. आईने कानात कापूस घातला आणि झोपली. दीड तासाचा प्रवास, त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच.

हैदराबादला खरी परीक्षा. आमचं विमान इमारतीपासून लांब, मोकळ्यावर उभं राहिलं. खिडकीतून एरोब्रिजची रांग दिसत होती, त्यांना मोठी विमानं चिकटलेली. पायऱ्या उतरणं हे चढण्यापेक्षा अवघड, हे गुडघेदुखीवाल्यांना सांगायला नको. उजवा पाय आधी खाली, सगळं वजन डाव्यावर. उतरली. खाली बस उभी. आणि खुर्ची? खुर्ची तिकडे, इमारतीच्या दाराशी. कारण कागदावर काय लिहिलं होतं, तर बाई पायऱ्या चढ-उतर करू शकतात. बसची पायरी तशी ठेंगणी, एका मुलीने जागाही दिली, पण बस भरेपर्यंत थांबणं, उतरणं, तिथून दारापर्यंत चालणं या सगळ्यात गुडघ्याने मान टाकली. त्या रात्री बर्फाची पिशवी. चूक कुणाचीच नव्हती. मी टिचकी मारली होती त्याप्रमाणेच सगळं झालं.

बारसं छान झालं. आई खुर्चीत बसून पाळण्याची दोरी ओढत होती आणि गुडघ्यावर क्रेप बँडेज.

ताईचा जावई विमानांच्या देखभालीच्या कामात आहे. एका संध्याकाळी मी त्याला माझं मोपाचं शहाणपण ऐकवलं. तो हसला नाही, एवढा सभ्य आहे. म्हणाला, "मावशी, एरोब्रिज तिकिटावर लिहिलेला नसतो." मोठं विमान असलं तरी ते कुठे उभं राहील हे त्या दिवशी ठरतं. ब्रिज मोकळा आहे का, विमान किती वेळ थांबणार आहे, आणि ब्रिज वापरण्याचे कंपनीला वेगळे पैसे मोजावे लागतात, तेही आहेच. म्हणजे मोठ्या विमानाला कधी कधी बसने जाऊन शिडी चढावी लागते. आणि त्या विमानाचं दार जमिनीपासून साधारण साडेतीन मीटर वर. पाच पायऱ्यांवर भागत नाही, वीसच्या आसपास असतात. माझ्या पोटात गोळा आला.

मग मी त्याला चिपीचं सगळं विचारून घेतलं. एटीआरचं दार जमिनीपासून जेमतेम सव्वा-दीड मीटरवर, शिवाय मागे. एरोब्रिज बांधलेले असतात ते उंच दारांच्या विमानांसाठी, इतके खाली ते सहसा येत नाहीत. त्यामुळे मोठ्या विमानतळावरही हे विमान लांब उभं राहतं. त्याची शिडी त्याच्याच पोटात, म्हणून ते कुठेही उतरून माणसं खाली सोडू शकतं. बाहेरून काही आणायला नको. गरिबीची सोय नव्हे, विमानाचा घाटच तसा. घरघरीचंही कळलं. मोठ्या विमानात वीज आणि गार हवा पुरवायला शेपटीत एक छोटं इंजिन असतं, एटीआरमध्ये ते नाही. म्हणून उभं असताना उजवीकडचं इंजिन चालू ठेवतात पण त्याचा पंखा ब्रेक लावून धरून ठेवतात. माणसं चढतात डावीकडून. आणि टेकू? माणसं सगळी मागून चढतात, पुढचं सामान उतरलेलं असेल तर वजन मागे जाऊन शेपूट टेकू शकते. तिकडच्या मुलाने एका वाक्यात सांगितलं होतं तेच. आई ऐकत होती. "मी तेवाच म्हटलंय," एवढंच बोलली.

19 डिसेंबरला मी परतीच्या कंपनीला फोन लावला. आर काढून एस करायचं होतं. ऑनलाइन ते बदलता येईना. सत्तावीस मिनिटं बासरी ऐकली. मग एका मुलीने नीट चौकशी केली: बिलकुल चढू शकत नाहीत का? आत चालू शकतात का? एकटीने बसू शकतात का? इथे आपल्या स्वभावाशी भांडावं लागतं. आपल्याला सवय असते, "तशा बऱ्या आहेत हो, हळूहळू चढतात," असं सांगायची. आईसमोर तर तसंच तोंडातून येतं. मी दुसऱ्या खोलीत जाऊन सांगितलं, वीस पायऱ्या चढू शकत नाहीत. बदलाचा ईमेल आला, त्यात शेवटचं अक्षर एस आहे हे दोनदा वाचलं आणि छापून घेतला. आजारपण असेल, ऑक्सिजन लागत असेल तर डॉक्टरांचा कागद मागतात. नुसत्या गुडघ्यांसाठी आम्हाला मागितला नाही.

22 डिसेंबर, शमशाबाद, म्हणजे हैदराबादचा विमानतळ. वेब चेक-इन झालं होतं तरी खुर्चीसाठी काउंटरवर जावंच लागलं. तिथून गेटपर्यंतचं अंतर बघून मी मनात हात जोडले. सरकते पट्टे, दुकानं, पुन्हा पट्टे. आईला खुर्चीत काही कळलं नाही, मी मात्र दोन पिशव्या घेऊन मागे धावत होते. चिपीत जे अंतर दोन मिनिटांचं, ते इथे वीस. बोर्डिंग पासवर जो गेट होता तिथे बाहेर एरोब्रिज दिसत होता. मी जावयाला फोटो पाठवला, 'बघा!' पाऊण तासाने फलकावर गेट बदलला. नवीन गेट खालच्या मजल्यावर. बसचा.

मोठं विमान, बाहेर उंच शिडी, माणसं चढताहेत. आमची खुर्ची मात्र वेगळ्या गाडीकडे नेली. ट्रकवर एक बंद खोली बसवलेली, मागून खुर्चीसकट आत घेतात. ॲम्ब्युलिफ्ट म्हणतात. आत चार खुर्च्यांची जागा, आणखी एक आजोबा होते. गाडी विमानाच्या उजव्या बाजूला लागली, जिथून जेवणाच्या ट्रॉल्या चढवतात त्या दाराला. मग ती खोलीच्या खोली कात्रीसारख्या पायांवर वर उचलली गेली. मी दांडा घट्ट धरला. आईने समोरच्या आजोबांना विचारलं, "तुम्ही खंयचे?" ते तेलुगू. त्यांनी नमस्कार केला, तिनेही केला, संवाद पूर्ण झाला. वर पोचल्यावर एक पत्रा आडवा टाकून मधली फट बुजवली आणि आई चालत आत गेली, चार पावलं. एकही पायरी नाही. ते एक अक्षर बदललं नसतं तर त्या शिडीखाली काय झालं असतं, ते मी मनात आणत नाही.

मोपाला उतरल्यावर शेवटी एरोब्रिज मिळाला. सगळी माणसं उतरेपर्यंत थांबायचं, खुर्चीवाले सर्वात शेवटी. वीसेक मिनिटं गेली. मोपाला 5 जानेवारी 2023पासून विमानं सुरू झाली, सगळं अजून नवंकोरं. दारातच खुर्ची, सपाट बोगदा, थोडा चढ, मग काचेची लांबच लांब ओळ, लिफ्ट, सामानाचा पट्टा. गारेगार. वारा नाही, वास नाही, घरघर नाही. ढकलणाऱ्याला मी बक्षीस देऊ केलं, त्याने नको म्हटलं, मी पुन्हा दिलं, त्याने घेतलं. हे बरोबर की चूक मला ठरवता येत नाही, मदत फुकट आहे हे मात्र नक्की, कुणी मागितलं तर देणं बंधनकारक नाही.

बाहेर आपलीच गाडी बोलावली होती, बांदा, सावंतवाडी, कुडाळ करत नेरूर, 2,500 रुपये. गाडी पत्रादेवीचा नाका सोडून बांद्यात शिरली तेव्हा आईला विचारलं, कुठलं बरं वाटलं? मला वाटलं होतं मोपा म्हणेल. ती म्हणाली, "आता मी विमानातसून भायर इलंय काय दुकानातसून, तांच माका कळला नाय. चिपीक विमान दिसला तरी." उतारवयात पहिल्यांदा विमानात बसलेल्या माणसाला विमान बघायचं असतं, हे माझ्या हिशोबात कुठेच नव्हतं. मी फक्त पायऱ्या मोजत होते. तरी माझं मत सांगते: पाच पायऱ्या जमत असतील तर चिपी, कारण तिथे चालणं जवळजवळ नाहीच. एरोब्रिज पायऱ्या वाचवतो आणि त्याच्या दसपट चालायला लावतो, पण खुर्ची असेल तर ते चालणं बरोबरच्या माणसाच्या वाट्याला येतं. आणि एस नोंदवून ठेवा, काहीही असो. ज्याला चढता येतं त्याला चढू नका असं कुणी म्हणत नाही.

जानेवारीत शेजारच्या काकूंना मुलाकडे जायचं ठरलं, त्याही चिपीहूनच. त्या विचारायला आल्या तेव्हा मी आतून ईमेलचा कागद आणायला उठले, त्यांना अक्षरं समजावून सांगणार होते. बाहेर आले तर आईने त्यांना खळ्यात उभं केलं होतं आणि स्वतः पडवीतल्या खुर्चीतून काठीने पायरी दाखवत होती. "चांगलो पाय पयलो. नाय गो, तो दुखतो. दुसरो! आणि मागसून कोणाक तरी उभ्या कर, बाजूक जागा नसता." काकू दोन पायऱ्या चढून दमल्या आणि तिथेच बसल्या. आईने विचारलं, "विमानाक टेको देतत, तां तुका ठावक आसा?"